२००८ चे पाच चित्रपट आणि आमची एक टाळी

जुन्या वह्या सहसा रद्दीत जातात. आमची एक वही मात्र घर बदलताना हाती लागली. वर्ष २००८. आम्ही तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे, पदवीचे विद्यार्थी होतो. बी.एड. आणि नोकरी अजून लांब होती. या वहीत शेवटच्या पानावर त्या वर्षी पाहिलेल्या चित्रपटांतले आमचे आवडते पाच आम्ही उर्दूत लिहून ठेवले होते. क्रम असा : पहिला ‘अ वेन्सडे’, दुसरा ‘जोधा अकबर’, तिसरा ‘मुंबई मेरी जान’, चौथा ‘आमिर’ आणि पाचवा ‘टिंग्या’.

आज ही यादी वाचताना आम्हाला शरम वाटली. यादीतले चित्रपट वाईट नाहीत, पाचही पाहण्यासारखेच आहेत. शरम वाटली ती क्रमाची. आज आम्ही ही यादी जवळजवळ उलटी लिहू. ती का उलटी लिहू, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी थोडे त्या वेळच्या सिनेमा पाहण्याविषयी. कामठी हे नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचे, कन्हान नदीकाठचे गाव. १८२१ साली इंग्रजांनी इथे छावणी वसवली आणि छावणीच्या आसऱ्याने बाजार वाढला. विणकर आले, कसाई आले, शिंपी आले, विडीचा धंदा आला. आमचे मोहल्ले याच माणसांचे. नवा चित्रपट पाहायचा तर नागपूर गाठावे लागे. आम्ही चार मित्र होतो. एक टेलरचा मुलगा, एक रेल्वेतल्या गँगमनचा, एक शेजारच्या बौद्ध वस्तीतला आणि आम्ही. कधी बस, कधी पॅसेंजर गाडी, कधी ऑटोत कोंबून घेतलेले सात जण. सदरातल्या लिबर्टी आणि स्मृती या टॉकीजची पोस्टरे बघत उतरायचे आणि जिथे स्वस्त तिकीट मिळेल तिथे शिरायचे. अम्मीला माहीत असे, अब्बांना नसे. ‘रेस’ पाहिला, ‘सिंग इज किंग’ पाहिला, वर्ष संपता संपता ‘गजनी’ही पाहिला. हसलो, शिट्ट्या मारल्या, विसरलो. वहीत उतरले ते पाचच.

हे पाच का उतरले? आज ध्यानात येते की या पाचही चित्रपटांत कुठे ना कुठे मुसलमान माणूस होता. आम्ही पडद्यावर स्वतःलाच शोधत होतो. बाकी तिघांनाही तसेच वाटत होते का, हे आम्ही कधी विचारले नाही.

फेब्रुवारीत आशुतोष गोवारीकरांचा ‘जोधा अकबर’ आला. साडेतीन तासांचा चित्रपट, पण आम्ही जागचे हललो नाही. कारण भाषा. के. पी. सक्सेना या लखनवी लेखकाचे संवाद होते. उर्दू माध्यमात शिकलेल्या पोराला आपली जबान पडद्यावर एवढ्या इज्जतीने, एवढ्या मोठ्या आवाजात ऐकायला मिळणे ही काय चीज आहे, ते ज्याने ती जबान फक्त वर्गात आणि मशिदीच्या फलकावर वाचली आहे त्यालाच कळेल. दरवेशांच्या गिरकीत अकबर सामील होतो ते दृश्य पाहून गँगमनचा मुलगा रडला होता. यात्रेकरूंवरचा कर माफ होतो आणि प्रजा बादशाहाला ‘अकबर’ म्हणून डोक्यावर घेते, तेव्हा आमचीही छाती भरून आली होती.

इतिहासाच्या अंगाने या चित्रपटावर पुष्कळ वाद झाले. आमेरच्या राजकन्येचे नाव जोधा होते याला समकालीन बखरींत आधार नाही. तिची मरियम-उज-जमानी ही पदवी तेवढी नोंदलेली आहे. राजस्थानात चित्रपटाला कडवा विरोध झाला. त्या वादात आम्हाला शिरायचे नाही. आमची आजची तक्रार वेगळी आहे. या चित्रपटातला मुसलमान चांगला आहे, उदार आहे, देखणा आहे. पण तो बादशाह आहे. जणू पडद्यावर चांगला मुसलमान व्हायचे तर निदान तख्त तरी हवे, शिवाय चारशे वर्षांपूर्वी मरून जायला हवे. कामठीच्या हातमागावर बसलेल्या माणसाला त्या उदारपणाचा काय उपयोग? त्याच्याकडे माफ करायला कर नाही. आम्ही चित्रपटगृहातून बाहेर पडलो ते बादशाह होऊन, आणि कामठीच्या ऑटोत बसलो तेव्हा पुन्हा होतो ते झालो. तरीही भाषेसाठी हा चित्रपट आमच्या यादीत राहील. खाली सरकेल, पण राहील.

जूनमध्ये राजकुमार गुप्तांचा ‘आमिर’ आला. लंडनहून मुंबईला परतलेला एक तरुण डॉक्टर, आमिर अली. विमानतळावरच त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. बाहेर पडताच त्याच्या हाती एक मोबाईल येतो आणि फोनवरचा आवाज सांगतो की तुझे घरचे लोक आमच्या ताब्यात आहेत. आम्ही सांगू तसे कर. मग तो दिवसभर मुंबईच्या मुसलमान वस्त्यांतून पळत राहतो. हातात बॅग, बॅगेत बॉम्ब. शेवटी तो ती बॅग माणसांपासून दूर नेतो आणि तिला छातीशी धरून मरतो. जगाच्या लेखी मात्र तो दहशतवादीच ठरणार.

राजीव खंडेलवाल या तेव्हाच्या नवख्या नटाने जीव ओतून काम केले होते. शेवट पाहून आम्ही चौघे सुन्न झालो. पण आता पुन्हा पाहिला तेव्हा डोळे आमिरवर ठरेनात, त्याच्या मागच्या गर्दीवर गेले. तो ज्या गल्ल्यांतून पळतो तिथला प्रत्येक माणूस त्याच्याकडे टक लावून पाहतो. पानवाला पाहतो, खाटीक पाहतो, खिडकीतून कोणी पाहते, आणि प्रत्येक नजरेत कट आहे. लटकलेले मांस, घाणेरडा संडास, अंधारे जिने. चित्रपटाने एका मुसलमानाला निर्दोष ठरवण्यासाठी सबंध मोहल्ला दोषी ठरवला. आमिर चांगला, कारण तो तिथला नाही; तो लंडनचा, सूटबूटवाला. आम्ही तर तिथलेच. आमच्याही गल्लीत अनोळखी माणूस शिरला की पानवाला मान वर करून पाहतो. कारण एवढेच की नवखा माणूस कोणाचे तरी घर शोधत असणार आणि पत्ता आपल्यालाच सांगावा लागणार, हे त्याला ठाऊक असते. हा साधा अर्थ त्या कॅमेऱ्याला सुचला नाही.

ऑगस्टमध्ये ‘मुंबई मेरी जान’ आला. ‘डोंबिवली फास्ट’ करणाऱ्या निशिकांत कामतांचा. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांनंतर मुंबईतल्या काही माणसांचे काय झाले, याची ही गोष्ट. पाच-सहा माणसे, वेगवेगळ्या थरांतली. इरफान खानने साकारलेला रस्त्यावरचा कॉफीवाला तर विसरता येत नाही. मॉलमध्ये बायकोपोरांसमोर अपमान झाल्यावर तो मॉलमध्ये बॉम्ब असल्याचे खोटे फोन करू लागतो. गरिबाच्या सुडाची याहून हुशार आणि याहून केविलवाणी तऱ्हा आम्ही पाहिलेली नाही.

पण आमच्यासाठी महत्त्वाचा होता सुरेश. के. के. मेननने केलेला हा बेकार तरुण. चहाच्या हॉटेलात बसणाऱ्या युसूफवर त्याचा संशय बसतो आणि तो त्याच्या मागे लागतो. इथे दिग्दर्शकाने एक मोठी गोष्ट केली. संशय ज्याच्यावर आहे त्याची झडती न घेता, संशय घेणाऱ्याची झडती घेतली. आजार सुरेशच्या मनात आहे, हे चित्रपट स्पष्ट सांगतो. परेश रावलचा निवृत्तीला आलेला पोलीस तुकाराम पाटील त्याला थोरल्या माणसाच्या मायेने समजावतो. शेवटी सुरेश आणि युसूफ एका टेबलाशी बसतात, तेव्हा कोणी भाषण करत नाही. शहर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहते आणि चित्रपट संपतो. आज आम्ही हा चित्रपट दुसऱ्या क्रमांकावर ठेवू. उणीव एकच : युसूफ नेहमी सुरेशच्या नजरेतूनच दिसतो. त्याचे स्वतःचे दुःख काय, त्याला कोणाची भीती वाटते, ते आपल्याला कळत नाही. तो सुरेशला बरे करण्याचे औषध आहे. औषधाला कोणी विचारत नाही की तुला कसे वाटते.

आता ‘अ वेन्सडे’.

नीरज पांडे यांचा हा पहिला चित्रपट ५ सप्टेंबर २००८ ला लागला. रमजान सुरू होता, त्यामुळे आम्ही तो ईद झाल्यावर पाहिला. त्या मधल्या दिवसांत, २९ सप्टेंबरला, ईद दोन-तीन दिवसांवर असताना मालेगावच्या भिक्कू चौकात स्फोट होऊन सहा माणसे मेली होती. म्हणजे आम्ही मनात मालेगाव घेऊनच चित्रपटगृहात शिरलो.

गोष्ट सर्वांना माहीत आहे. एक अनोळखी माणूस इमारतीच्या गच्चीवरून पोलीस आयुक्तांना फोन करतो. शहरात बॉम्ब ठेवले आहेत, चार दहशतवादी सोडा, ही त्याची मागणी. पोलीस चौघांना आणतात. मग उलगडा होतो की त्याला ते चौघे सोडवायचे नव्हते, मारायचे होते. तिघे बॉम्बने मरतात, चौथ्याला पोलीस अधिकाऱ्यांनाच गोळी घालावी लागते. नसीरुद्दीन शाह आणि अनुपम खेर फोनवर जी जुगलबंदी करतात तिला तोड नाही. दीड-पावणेदोन तासांत श्वास घ्यायला उसंत नाही. पदार्पणासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार नीरज पांडे यांना मिळाला, तो योग्यच होता.

नसीरुद्दीन आपण साधा माणूस आहोत, वैतागलेला नागरिक आहोत, असे सांगतो. दोषी कोण हे ठरवायला या व्यवस्थेला वर्षानुवर्षे लागतात म्हणून संतापतो. तेव्हा सबंध चित्रपटगृह टाळ्यांनी दणाणले. आम्हीही टाळ्या वाजवल्या. चौघांनीही. जोरात. मनात हेही होते की आजूबाजूच्या लोकांनी पाहावे, आम्हीही टाळ्या वाजवतो आहोत.

परतीच्या बसमध्ये इंदोरा जाईपर्यंत कोणी बोलले नाही. मग टेलरचा मुलगा म्हणाला, “अपन ने ताली कायकू बजाई बे?” बौद्ध वस्तीतला मित्र म्हणाला, पिक्चर चांगला होता म्हणून. त्यावर तो म्हणाला, “उन चारों के नाम सुना ना? अपनी गली में हर नाम का एक आदमी है.” आम्ही त्याला हसून गप्प केले. घरी येऊन वहीत पहिल्या क्रमांकावर ‘अ वेन्सडे’ लिहिला.

त्या टाळीचा हिशेब आज द्यायचा आहे. शेवटी आयुक्त सांगतात की मी त्या माणसाचे नाव सांगणार नाही, कारण नावावरून लोक धर्म शोधतात. किती सुंदर कल्पना! पण ज्याला नाव नाही तो ‘कॉमन मॅन’ ठरतो. आणि ज्यांना मारायचे त्या चौघांना मात्र नावे आहेत, आणि ती सगळी आमच्या गल्लीतली आहेत. चौथ्याला गोळी घालणाऱ्या अधिकाऱ्यांच्या जोडीतल्या एकाचे नाव आरिफ खान ठेवले, म्हणजे हिशेब बरोबर झाला असे लेखकाला वाटले असावे. आम्हाला तो आरिफ ओळखीचा वाटतो. तो चित्रपटगृहात आमच्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्या साध्या माणसाचा राग २००६ च्या लोकल स्फोटांतून आलेला आहे. १८० हून अधिक माणसे मेली होती. राग खरा होता. त्या खटल्यात २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. फिर्यादी पक्ष गुन्हा सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला, असे न्यायालयाने म्हटले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तीनच दिवसांनी त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. बारांपैकी एक जण निकाल ऐकायला नव्हता. तो २०२१ साली करोनाने वारला, आमच्याच नागपूरच्या तुरुंगात असताना. कामठीहून सिनेमाला जाणारे आम्ही आणि त्या भिंतीआडचा तो माणूस, कितीतरी वर्षे एकाच जिल्ह्यात राहत होतो.

विचार करा. ‘अ वेन्सडे’मधल्या माणसाला गच्चीवर बसवून त्याच्या हाती खऱ्या खटल्याची यादी दिली असती, तर त्याने जीपमध्ये कोणाला बसवले असते? याच बारा जणांना. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. व्यवस्थेला वर्षानुवर्षे लागतात, ही त्याची तक्रार खरीच आहे. इथे तर एकोणीस वर्षे लागली. पण ती एकोणीस वर्षे लागली म्हणूनच अकरा माणसे जिवंतपणी निर्दोष ठरली. उशिराचा न्याय क्रूर असतो, याहून क्रूर फक्त घाईचा असतो.

आणि हे केवळ आमच्या बाजूने बोलायचे नाही. ३१ जुलै २०२५ रोजी २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. लोकलमध्ये मेलेल्यांचे घरचे आणि भिक्कू चौकात मेलेल्यांचे घरचे एकच प्रश्न विचारत राहिले : मग आमची माणसे मारली कोणी? या प्रश्नाला चित्रपटातल्या जीपमधल्या बॉम्बकडे उत्तर नाही. चोख तपासाकडे असू शकले असते. तपास कंटाळवाणा असतो, त्यावर टाळ्या पडत नाहीत.

म्हणून ‘अ वेन्सडे’ आम्ही पहिल्या क्रमांकावरून काढतो. कारागिरीसाठी सलाम. टाळी मात्र परत घेतो.

राहिला ‘टिंग्या’. वहीतला शेवटचा, आजचा पहिला.

मंगेश हाडवळे यांचा हा मराठी चित्रपट मार्च २००८ मध्ये लागला होता. आम्ही तो पाहिला तो कॉलेजातल्या मराठीच्या सरांनी सांगितले म्हणून. चित्रपटगृहात मोजून पंधरा माणसे. जुन्नरकडची बोली, आम्हाला नागपुरी मराठीची सवय; पहिली दहा मिनिटे निम्मे शब्द डोक्यावरून गेले. त्याच फेब्रुवारीच्या २९ तारखेला केंद्राच्या अर्थसंकल्पात शेतकऱ्यांची सुमारे ६० हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली होती आणि आमच्या विदर्भात ती कोणाला मिळणार, दोन हेक्टरवाल्यांनाच का, सावकाराच्या कर्जाचे काय, याची चर्चा चहाच्या टपरीवर चालू होती. त्यामुळे कर्ज आणि बैल या दोन शब्दांवरून गोष्ट लगेच कळली.

टिंग्या हा गरीब शेतकऱ्याचा लहान मुलगा. त्याचा जीव चितंग्या नावाच्या बैलावर. बैल खड्ड्यात पडून जायबंदी होतो. पेरणी तोंडावर, हातात पैसा नाही. बाप ठरवतो की बैल कसायाला विकायचा. शेजारी टिंग्याची मैत्रीण रशिदा राहते आणि तिची नानी आजारी आहे. तिच्या दवापाण्यासाठी सगळ्यांची धावपळ चालते. तेव्हा टिंग्या विचारतो की म्हातारी, आजारी नानी कोणी विकत नाही, तिला बरे करायला धडपडतात, मग माझा चितंग्या का विकायचा? शरद गोयेकर या मुलाने हा प्रश्न असा विचारला आहे की त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला याचे नवल वाटत नाही.

२००८ मध्ये आम्ही हा चित्रपट पाचवा लिहिला, कारण यात मुसलमानाविषयी काही ‘सांगितलेले’ नव्हते असे आम्हाला वाटले. आज वाटते, त्यातच त्याचे मोठेपण आहे. त्या वर्षीच्या बाकीच्या चारही चित्रपटांत मुसलमान काहीतरी सिद्ध करतो आहे. अकबर उदारपणा सिद्ध करतो, आमिर जीव देऊन निर्दोषपणा, युसूफ सज्जनपणा, आरिफ निष्ठा. नानी काहीच सिद्ध करत नाही. ती आजारी आहे, एवढेच. ती वाचावी असे शेजाऱ्यांना वाटते, कारण ती शेजारीण आहे. टिंग्या रशिदाच्या घरात बिनदिक्कत ये-जा करतो आणि कॅमेराही त्याच्यामागे तसाच आत जातो, चपला काढून. ‘आमिर’चा कॅमेरा ज्या घरांच्या फक्त खिडक्या पाहतो, त्या घराच्या आत हा बसतो.

दोष आहेतच. काही ठिकाणी डोळ्यांतून पाणी काढण्याचा हट्ट दिसतो, मधला भाग रेंगाळतो. पण तक्रार करावीशी वाटत नाही.

पुढे शिक्षक झाल्यावर हा चित्रपट आम्ही सातवीच्या वर्गाला दाखवला. उर्दू शाळेत मराठीच्या तासाला मुले धास्तावलेली असतात. म्हटले, पाहू या. मनात एक भीती होती. आमच्या वर्गात कुरेशी मुले असतात. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गायीबरोबर बैलाचीही कत्तल बंद झाली आणि एका मुलाच्या वडिलांचा पिढीजात धंदा बसला. ते आता ऑटो चालवतात. पडद्यावर बैल कसायाला विकायची गोष्ट आली की वर्गाने त्या मुलाकडे पाहिले तर?

पाहिलेच. क्षणभर शांतता झाली. मग तोच मुलगा म्हणाला, “सर, बेचा तो उसके अब्बा ने. और अब्बा भी क्या करते, पैसे नहीं थे.” आणि थोड्या वेळाने, “आज होता तो बेच भी नहीं सकते थे. फिर बैल को खिलाता कौन?” आम्ही बी.एड.ला शिकलेली एकही पद्धत त्या वेळी उपयोगी पडली नाही. एका मुलीने निबंधाच्या वहीत मराठीत लिहिले : ‘नानी आमच्या दादीसारखी खोकते.’ वर्षभरात तिने स्वतःहून लिहिलेले ते पहिले मराठी वाक्य होते. आम्ही त्याखाली लाल शाईने काही लिहिले नाही.

आमची नवी यादी अशी : ‘टिंग्या’, ‘मुंबई मेरी जान’, ‘जोधा अकबर’, ‘आमिर’, ‘अ वेन्सडे’.

यादी बदलून काय होते, असे कोणी विचारेल. चित्रपट बदलत नाहीत. पाहणारे आम्ही बदलतो. स्वतःचा चेहरा पडद्यावर शोधत बसण्याची सवय लागली की कोणीही दाखवलेला चेहरा आपलाच वाटू लागतो, मग तो बादशाहाचा असो की बॉम्बवाल्याचा. यावर एक उपाय मालेगावच्या पोरांनी केला. त्यांनी पावरलूमच्या खडखडाटात आपले स्वतःचे ‘सुपरमॅन’ बनवले आणि त्यावर माहितीपट निघाला, २०२५ मध्ये हिंदी चित्रपटही आला. कामठीतही हातमागाची, विडीची, फुटबॉलच्या मैदानाची, खोकणाऱ्या दादींची गोष्ट आहे. ती सांगताना आपल्याला काही सिद्ध करायचे नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

टेलरच्या मुलाचा प्रश्न आम्ही त्या दिवशी हसण्यावारी नेला होता. तो आता वडिलांच्याच दुकानात बसतो. हा लेख त्याला वाचून दाखवणार आहोत.